जहराच्या विहिरी आणि सुबियाची थडगी

रणक्षेत्र हा शब्द उच्चारला की मराठी मनापुढे पानिपत उभे राहते, आणि थडगे म्हटले की एखादी समाधी, तिच्यावरील वृंदावन व पणती. कुवेत हे नाव मात्र या दोहोंपैकी कशाचीही आठवण करून देत नाही. ते ऐकताच खनिज तेल, उंच इमारती आणि नोकरीसाठी गेलेले आप्तेष्ट एवढेच डोळ्यांपुढे येते. परंतु कुवेतच्या उपसागराच्या पश्चिम व उत्तर किनाऱ्यावर, एका दिवसाच्या प्रवासात सहज पाहता येईल एवढ्या टापूत, तेरा शतकांच्या अंतराने माणसे पुनःपुन्हा लढली आहेत. आणि त्या सर्व लढायांहून कितीतरी जुन्या काळची दगडी थडगी तेथील टेकड्यांवर अद्याप उभी आहेत. मॉरिशसमधील मराठी वाचकाने या दूरच्या वाळवंटाकडे का पाहावे, असा प्रश्न साहजिकच उद्‌भवेल. त्याचे उत्तर पुढे आपोआप मिळेल. तूर्त इतकेच सांगावयाचे की, ज्या मुंबई बंदरातून रत्नागिरी, सातारा व कोल्हापूरकडील मजूर या द्वीपाकडे निघाले, त्याच बंदरात कुवेतची गलबतेही नांगर टाकीत असत.

कुवेत शहरापासून पश्चिमेस सुमारे ३२ किलोमीटरांवर जहरा हे गाव आहे. आज ते मोठे नगर झाले असून दोन्हींमधील वस्ती जवळजवळ सलग झाली आहे. शंभर वर्षांपूर्वी मात्र तेथे मातीची घरे, खजुरीच्या बागा, थोडी भाजी व जनावरांसाठी लसूणघास एवढेच होते. पण ज्या प्रदेशात नदी नाही, ओढा नाही, त्या प्रदेशात एवढे असणे म्हणजे वैभवच होय. जहराला विहिरी होत्या. कुवेत शहराला पिण्याचे पाणीदेखील शत्त-अल्-अरब नदीतून गलबतांनी भरून आणावे लागे, हे लक्षात घेतले म्हणजे या विहिरींचे मोल कळते. शिवाय बसऱ्याकडून दक्षिणेस उतरणारी वाट जहराच्या उत्तरेकडील मुतला नावाच्या खिंडीतून येते. उत्तर किनाऱ्याला समांतर अशी एक डोंगराची कड आहे; तिची उंची दीडशे मीटरांहूनही कमी, म्हणजे सह्याद्री पाहिलेल्याच्या दृष्टीने ती टेकडीच. परंतु सपाट वाळवंटात तेवढीही चढण सैन्याची वाट ठरवून देते. पाणी आणि वाट, या दोन गोष्टी एकत्र आल्या की तेथे रणक्षेत्र निर्माण होण्यास वेळ लागत नाही.

जहरा येथील प्रसिद्ध लढाई १० ऑक्टोबर १९२० या दिवशी झाली. तिचे निमित्त समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. अरबस्तानच्या अंतर्भागात नज्द प्रांतात अब्दुल अझीझ इब्न सौद आपले राज्य वाढवीत होता. भटक्या टोळ्यांना वस्ती करून राहण्यास लावून व कडव्या धर्माचरणाची दीक्षा देऊन त्याने ‘इख्वान’, म्हणजे बंधुगण, नावाचे एक लढाऊ दल उभे केले होते. या दलाचा एक अग्रणी, मुतैर टोळीचा सरदार फैसल अद्-दुवैश, हा शूर, हट्टी व पुढे स्वतःच्या धन्यालाही न आवरणारा असा पुरुष होता. कुवेतचा शेख सालिम अल्-मुबारक याचा इब्न सौदशी सरहद्दीवरून तंटा लागला. १९२० च्या मे महिन्यात हम्द येथे कुवेतच्या तुकडीचा इख्वानांनी धुव्वा उडविला. ती वार्ता येताच कुवेत शहरातील लहानथोर माणसे कामाला लागली आणि त्यांनी थोड्याच महिन्यांत शहराभोवती मातीचा तट उभा केला. तो तट १९५७ साली पाडण्यात आला. त्याच्या वेशी मात्र स्मरणार्थ राखल्या आहेत, व शहर पाहणाऱ्यास त्या आजही रस्त्याच्या कडेला दिसतात.

ऑक्टोबरमध्ये अद्-दुवैश कित्येक हजार लढवय्ये घेऊन जहरावर चालून आला. सालिम आपले सैन्य घेऊन तेथे आधीच पोचला होता. सकाळी सुरू झालेल्या झुंजीत कुवेती फळी काही तासांतच मोडली. गाव, बागा आणि विहिरी इख्वानांच्या हाती गेल्या, व सालिम उरलेल्या माणसांसह गावाजवळच्या किल्ल्यात शिरला. या किल्ल्याला ‘अल्-कस्र अल्-अहमर’, अर्थात लाल वाडा, असे म्हणतात. नाव ऐकून दिल्लीचा लाल किल्ला डोळ्यांपुढे आणणाऱ्याची निराशा होईल. हा आहे तांबूस मातीचा, चार कोपऱ्यांवर चार बुरूज असलेला, आत अंगणे व खोल्या असलेला एक भक्कम वाडा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शेख मुबारक याच्या कारकीर्दीत तो बांधला गेला. तोफांपुढे तो एक दिवसही टिकला नसता. परंतु इख्वानांजवळ तोफा नव्हत्या आणि ही गोष्ट निर्णायक ठरली.

किल्ल्याच्या आत मात्र दुसराच शत्रू उभा होता. शेकडो माणसे, त्यांत जखमी पुष्कळ, आणि आतले पाणी अपुरे व खारट. बाहेर गोड्या पाण्याच्या विहिरी शत्रूच्या ताब्यात. रात्री इख्वानांनी तटावर हल्ले चढविले, ते आतील बंदूकधाऱ्यांनी परतवून लावले, आणि हल्लेखोरांचे फार लोक पडले. मध्यंतरी अद्-दुवैशचा दूत आत येऊन बोलणीही करून गेला. तंबाखू वर्ज्य करावा, धर्माचरण शुद्ध करावे, अशा तऱ्हेच्या अटी त्यात होत्या. तहानेने व्याकुळ झालेल्या माणसांपुढे तंबाखूचा वाद मांडला जावा, हा इतिहासातला एक विलक्षण प्रसंगच म्हटला पाहिजे. इकडे कुवेत शहरातून गलबतांनी उपसागर ओलांडून व शम्मर टोळीच्या घोडेस्वारांबरोबर खुष्कीने कुमक निघाली. ती येत आहे असे पाहून आणि आपल्या मृतांची संख्या पाहून इख्वानांनी वेढा उठविला व ते दक्षिणेकडील विहिरींवर जाऊन राहिले. त्यानंतर इंग्रजांची युद्धनौका उपसागरात आली आणि विमानांनी इख्वानांच्या तळावर इशाऱ्याची पत्रके टाकली.

येथे इंग्रज कोठून आले, असे कोणी विचारील. ते आले हिंदुस्थानातून. १८९९ साली शेख मुबारकाने इंग्रजांशी करार केला, तेव्हापासून कुवेतचे परराष्ट्र व्यवहार हिंदुस्थान सरकारच्या नजरेखाली गेले. १९०३ साली व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन स्वतः कुवेतला जाऊन आला. तेथील राजकीय प्रतिनिधी हिंदुस्थान सरकारचा नोकर असे. कुवेतच्या बाजारात १९६१ सालापर्यंत रुपया चालत होता. तेथील मोत्यांचे मोठे गिऱ्हाईक मुंबईच्या बाजारात असे, आणि गलबते बांधण्याचे सागवान मलबारहून जाई. ज्या सरकारने कोकणातील शेतकऱ्याला ऊस तोडण्यासाठी आफ्रिकेच्या पूर्वेकडील एका बेटावर धाडण्याची परवानगी दिली, त्याच सरकारच्या कागदांत जहराच्या लढाईचे अहवाल दाखल झाले. हिंदी महासागराच्या किनाऱ्यांचा इतिहास असा एकाच दप्तरात बांधला गेला आहे.

लढाईचा निकाल सालिमच्या बाजूचा लागला, पण त्याचे फळ त्याला चाखता आले नाही. १९२१ च्या फेब्रुवारीत तो मरण पावला. १९२२ च्या अखेरीस उकैर येथे सर पर्सी कॉक्स याने नकाशावर रेघ ओढून सरहद्द ठरविली, तीत कुवेतने आपला म्हणून सांगितलेला सुमारे दोनतृतीयांश मुलूख इब्न सौदकडे गेला. ज्या भूमीसाठी माणसे जहराच्या मातीत पडली, ती पुष्कळशी भूमी एका पेन्सिलीने गेली. फैसल अद्-दुवैशची गतीही काही निराळी झाली नाही. त्याने पुढे इब्न सौदविरुद्धच बंड केले, १९२९ साली सबिला येथे त्याचा पराभव झाला, १९३० च्या जानेवारीत कुवेतच्या हद्दीत इंग्रजांस शरण जाऊन तो इब्न सौदच्या स्वाधीन झाला आणि पुढल्याच वर्षी रियाधच्या बंदिवासात वारला.

लाल वाड्यातून बाहेर पडून उत्तरेकडे वळले की उपसागराचे टोक लागते. हा काझिमाचा परिसर. आज तेथे डोळ्यांत भरेल असे काहीच नाही, आणि केवळ भव्य अवशेष पाहण्याची हौस असणाऱ्याने येथवर येण्याचे कष्ट न घेतलेले बरे. परंतु अरब इतिहासात काझिमाचे नाव मोठे आहे. इ. स. ६३३ मध्ये, पैगंबराच्या मृत्यूनंतर एकाच वर्षाने, खालिद इब्न अल्-वलीद हा सेनापती इराणच्या सासानी साम्राज्यावर चालून निघाला. सीमेवरील इराणी अधिकारी हुर्मुझ याच्याशी त्याची गाठ पडली ती काझिमाजवळ. खालिदने आधी एका दिशेने जाण्याची हूल दिली, जड शस्त्रांनी वाकलेल्या इराणी सैन्याला वाळवंटातून इकडून तिकडे पळविले, आणि ते दमल्यावर त्याला गाठले. हुर्मुझ द्वंद्वात मारला गेला. इराणी शिपायांनी पळून जाऊ नये म्हणून स्वतःला साखळ्यांनी जखडून घेतले होते, अशी आख्यायिका असून तिच्यावरून या लढाईला ‘साखळ्यांची लढाई’ असे नाव पडले.

या वृत्तान्ताचा मुख्य आधार म्हणजे अत्-तबरीचा ग्रंथ. तबरी इ. स. ९२३ मध्ये निवर्तला, तेव्हा लढाई आणि लेखक यांच्यामध्ये सुमारे अडीच शतकांहून अधिक काळ जातो. बखरींतील पानिपत आणि कागदपत्रांतील पानिपत यांत अंतर पडते हे जाणणाऱ्या मराठी वाचकाला साखळ्यांची कथा किती पारखून घ्यावी हे सांगण्याची आवश्यकता नाही. तथापि त्या वृत्तान्तातील दोन बारकावे मोलाचे आहेत. पहिला पाण्याचा. इराणी सैन्याने पाण्याचा ठाव आधी धरला आणि खालिदच्या लोकांना कोरड्या जागी तळ द्यावा लागला; तेव्हा पाणी त्याचेच होईल जो अधिक टिकाव धरील, अशा अर्थाचे बोल खालिदच्या तोंडी घातले आहेत. पुढे पाऊस पडून त्याच्या सैन्यामागे पाणी साचले, असेही सांगितले आहे. तेरा शतकांनंतर जहराच्या किल्ल्यात जो प्रश्न उभा राहिला, तोच हा प्रश्न. दुसरा बारकावा हिंदुस्थानविषयी. हुर्मुझच्या ताब्यातील सीमाप्रांताला अरब लेखक ‘हिंदचा सीमाभाग’ म्हणतात, आणि तो जमिनीवर अरबांशी व समुद्रावर हिंदच्या लोकांशी लढत असे, असे सांगतात. हे हिंदचे लोक कोण, कोकणचे की गुजरातचे की सिंधचे, याचा उलगडा त्या एका शब्दावरून होत नाही. पण त्या पाण्यावर आपल्याकडील तारवे होती एवढे त्यातून ध्वनित होते.

काझिमा पुढे बसऱ्याहून मक्केस जाणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटेवरचा मुक्काम झाला. ब्रिटनमधील डरॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ सालापासून कुवेतच्या राष्ट्रीय संस्कृती परिषदेच्या सहकार्याने तेथे उत्खनन केले, तेव्हा आरंभीच्या इस्लामी काळातील वस्तीचे अवशेष हाती आले. अरबी भाषेचा थोर कवी अल्-फरझदक याच्या पित्याचे, गालिबचे, थडगे काझिमा येथे होते. संकटात सापडलेला कोणी त्या थडग्याशी येऊन आश्रय मागू लागला तर कवी त्याचा पाठीराखा होई, असे सांगतात. गालिबचा पिता सासा हा जन्मतःच जिवंत पुरल्या जाणाऱ्या मुलींना मोल देऊन सोडवीत असे, म्हणून त्या घराण्याचा लौकिक होता. ज्या ठिकाणी सेनापतींची नावे गाजली, त्याच ठिकाणी एका थडग्याने दुबळ्यांना आसरा द्यावा, हा योग चित्तवेधक आहे.

मुतलाच्या कडेवर चढले म्हणजे बसऱ्याकडे जाणारा मोठा रस्ता खाली दिसतो. १९९१ च्या फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवसांत कुवेत सोडून उत्तरेकडे माघार घेणाऱ्या इराकी सैन्याच्या रांगेवर याच रस्त्यावर विमानांतून बॉम्बवर्षाव झाला आणि हजाराहून अधिक वाहने जळून गेली. ते युद्ध अनेकांच्या प्रत्यक्ष स्मरणातले आहे. आदल्या वर्षी, १९९० साली, लाखाहून अधिक हिंदी लोकांना अम्मानमार्गे विमानांनी मायदेशी नेण्यात आले होते, त्यांत मराठी कुटुंबेही होती. त्याविषयी येथे अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही. वाट तीच, खिंड तीच, एवढे ध्यानात घेतले म्हणजे पुरे.

याच वाटेने सुमारे शंभर किलोमीटर उत्तरेस गेले की बसरा, आणि बसऱ्याच्या नैर्ऋत्येस शैबा. येथे मात्र मराठी वाचकाला थांबावेच लागेल. पहिल्या महायुद्धात, १२ ते १४ एप्रिल १९१५ या तीन दिवसांत, शैबा येथे तुर्कांशी जी लढाई झाली, तीत ११० वी व ११७ वी मराठा पलटण लढली. पुढे कुत-अल्-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० व ११७ या तिन्ही मराठा पलटणी अडकल्या. अन्न संपले, घोडी मारून खाण्याची पाळी आली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सर्वांस शरणागती पत्करावी लागली. त्यानंतरच्या कैदेत असंख्य शिपाई मेले. ११७ व्या पलटणीला १९२१ साली ‘रॉयल’ हा किताब मिळाला. हे शिपाई कोठले? बव्हंशी रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर याच टापूंतले. एका पिढीतला एक मुलगा मजुरीच्या कागदावर अंगठा उठवून मॉरिशसला गेला असेल, तर पुढल्या पिढीतला त्याचा पुतण्या पलटणीत नाव नोंदवून बसऱ्याला गेला असेल; दोघांच्याही मागे गावची जमीन तीच, आणि ती पुरेशी नव्हती हे कारणही तेच.

बसऱ्याला त्या युद्धातील ज्यांची थडगी सापडत नाहीत अशा चाळीस हजारांवर सैनिकांचे एक स्मारक आहे. ते पूर्वी नदीकाठच्या माकिल येथे होते, १९९७ साली शहराबाहेर वाळवंटात हलविण्यात आले. त्या स्मारकाच्या भिंतींवर ब्रिटिश शिपायांची नावे कोरली आहेत. हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. पण सामान्य हिंदी शिपायाचे नाव तेथे नाही. पलटणीच्या नावाखाली केवळ संख्या दिली आहे, अमुक इतके. स्मारके उभारणाऱ्या मंडळानेच २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात हा भेदभाव मान्य करून खेद व्यक्त केला. चूक मान्य करण्यास शंभर वर्षे लागली, हे खरे. तरीही ती मान्य झाली हे नोंदविले पाहिजे.

संख्येखाली झाकलेली नावे ही गोष्ट मॉरिशसच्या वाचकाला नवी नाही. पोर्ट लुईच्या धक्क्यावर, ज्याला आज आप्रवासी घाट म्हणतात व ज्याला २००६ साली जागतिक वारसास्थळाचा मान मिळाला, उतरणाऱ्या प्रत्येक मजुराला एक क्रमांक मिळत असे. आडनाव बहुधा लिहिले जात नसे. आजोबांचे पहिले नाव तेच नातवंडांचे आडनाव होऊन बसले, त्यामुळे मूळ कुळ कोणते, गाव कोणता, हे शोधणाऱ्याला मोका येथील महात्मा गांधी संस्थेतील नोंदवह्यांत क्रमांकावरूनच माग काढावा लागतो. उलट १८१० च्या ऑगस्टमध्ये ग्रांपोर येथे फ्रेंचांनी जिंकलेल्या आरमारी लढाईचे नाव पॅरिसच्या विजयकमानीवर कोरलेले आहे. लढाईला नाव मिळते. १८६७ साली हिवतापाच्या साथीत हजारो मजूर मेले तेव्हा उघडलेल्या बुआ-मार्शां येथील स्मशानभूमीत मात्र बिननावाची थडगी किती आहेत, हे तेथे फिरलेल्याला सांगावे लागत नाही.

महाराष्ट्रात यावर एक जुना तोडगा होता. गावासाठी, गुरांसाठी वा स्वामीसाठी पडलेल्या वीराची शिळा उभी करीत. तिला वीरगळ म्हणतात. खालच्या चौकटीत लढाई, तिच्यावर वीराला नेणाऱ्या अप्सरा, अगदी वर शिवलिंगाची पूजा. अशा शिळांवर बहुधा अक्षरे नसतात. मुंबईतील बोरिवलीजवळच्या एक्सर गावी सहा वीरगळ आहेत आणि त्यांवर चक्क वल्ही मारणाऱ्या नौकांचे युद्ध कोरलेले आहे. शिलाहार व यादव यांच्यातील झुंजीशी इतिहासकार त्याचा संबंध जोडतात. त्या शिळांतील नौकांना गलबतांच्या इतिहासात मोठे स्थान आहे, परंतु वल्ही मारणारा कोण होता हे शिळा सांगत नाही. गावाने मात्र शतकानुशतके तिला शेंदूर लावला.

आता सुबियाकडे जावे. पूर्वी त्यासाठी सबंध उपसागराला वळसा घालावा लागे. २०१९ साली शेख जाबिर यांच्या नावाचा ३६ किलोमीटर लांबीचा सेतू खुला झाल्यापासून कुवेत शहरातून पाण्यावरून थेट उत्तर किनारा गाठता येतो. परंतु ज्याला या भूमीचा अर्थ समजून घ्यावयाचा आहे त्याने जहरा व मुतलावरूनच जावे आणि सेतूवरून परतावे. वाट ओसाड आहे. एका बाजूला खाजण व चिखल, दुसऱ्या बाजूला ती डोंगराची कड. कडेच्या माथ्यावर दगडांचे लहान लहान ढीग दिसू लागतात. दुरून पाहणाऱ्याला ते मेंढपाळांनी रचलेले वाटतील. ते थडगी आहेत.

२००७ सालापासून कुवेती व पोलिश संशोधकांच्या संयुक्त पथकाने या थडग्यांचे पद्धतशीर उत्खनन केले. रचना साधारणतः अशी: मध्यभागी दगडांनी बांधलेली लहान कोठडी, तीत गुडघे मुडपून कुशीवर निजविलेला मृत, भोवती दगडांचे कडे, आणि सर्वांवर दगडांची रास. बरोबर फारसे काही ठेवलेले नसते. शंखशिंपल्यांचे मणी मुख्यतः आढळतात. कित्येक थडगी प्राचीन काळीच चोरांनी उकरली. बहुतेकांचा काळ कांस्ययुगाचा, म्हणजे हडप्पा व मोहेंजोदडो भरभराटीत असण्याच्या आगेमागेचा मानतात. जागेची निवड विचार करण्यासारखी आहे. सखल भागात खणणे सोपे असताना मृताला कडेच्या माथ्यावर, जेथून समुद्र व वाट दोन्ही दिसतात अशा ठिकाणी नेलेले आहे. ज्यांनी दगड वाहून वर नेले, त्यांनी ते उन्हातान्हात खांद्यावरून नेले असणार.

विदर्भात नागपूरच्या वायव्येस काटोल रस्त्यावर जुनापाणी येथे अशीच शिलावर्तुळे आहेत, सुमारे तीनशे. ती लोहयुगातील, म्हणजे सुबियाच्या थडग्यांहून बरीच अलीकडची. त्यांत लोखंडी हत्यारे व घोड्यांची हाडे सापडली. दोन्हींचा परस्परांशी संबंध आहे असे मुळीच नव्हे. तरी दगडांचे कडे करून मृताला त्यात निजविण्याची कल्पना माणसाला इतक्या दूरदूरच्या ठिकाणी सुचली, याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही.

थडग्यांहूनही जुनी अशी वस्तीची दोन ठिकाणे याच परिसरात आहेत. एकाला संशोधक बह्रा म्हणतात, दुसऱ्याला केवळ एच-तीन. दोन्ही सुमारे सात हजार वर्षांपूर्वीची. एच-तीन येथे १९९८ ते २००४ या काळात ब्रिटिश पथकाने खणले तेव्हा डांबराच्या खपल्या मिळाल्या, ज्यांच्या एका अंगावर बोरूच्या जुड्यांचे ठसे होते व दुसऱ्या अंगावर समुद्रातील कवचधारी जीव चिकटलेले होते. याचा अर्थ उघड आहे. बोरूच्या नावेला बाहेरून डांबर फासले होते, ती दीर्घकाळ समुद्रात होती, आणि पुढे ती खपली काढून वस्तीत जपून ठेवली होती. समुद्रगामी नौकेचा याहून जुना प्रत्यक्ष पुरावा जगात क्वचितच असेल. तेथेच मातीची लहानशी नौकाप्रतिमा व भोक पाडलेला मोतीही मिळाला. डांबर तपासले तेव्हा ते कुवेतमधीलच बुरगानचे असल्याचे दिसले. त्या बुरगानात १९३८ साली खनिज तेल लागले आणि कुवेतचे भाग्य पालटले. पण सात हजार वर्षांपूर्वीच्या नावाड्याला त्याचा उपयोग ठाऊक होता.

उपसागराच्या तोंडाशी असलेल्या फैलका बेटावर १९५८ सालापासून डॅनिश संशोधकांनी खणून दिल्मून संस्कृतीच्या असंख्य गोल मुद्रा काढल्या. त्याच जातीची एक मुद्रा गुजरातमधील लोथल येथे मिळाली आहे. म्हणजे चार हजार वर्षांपूर्वी या दोन किनाऱ्यांमध्ये व्यापार चालू होता; सैन्ये त्यानंतर पुष्कळ काळाने आली. इतिहास लिहिताना लढायांना तारखा मिळतात म्हणून त्या पुढे बसतात. बोरूची नाव कोणत्या दिवशी सुटली, हे कोणी लिहून ठेवले नाही; तिच्या डांबरावरचे बोरूचे ठसे तेवढे उरले.

कुवेतमध्ये ज्यांचे नातलग वा परिचित काम करतात, त्यांनी ही यात्रा नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत करावी. एरवी ऊन सोसत नाही. लाल वाडा आधी पाहावा, बुरुजावरून खाली पाहून विहिरी किती जवळ होत्या याचा अंदाज घ्यावा. सुबियाच्या कडेवर जाणाऱ्याने माहितगार वाटाड्या बरोबर घ्यावा, कारण १९९१ च्या युद्धात पेरलेले स्फोटक कोठे राहिले असेल याची शाश्वती नसते. थडग्यावरील दगड हलवू नये, मणी दिसला तरी उचलू नये. तो जेथे आहे तेथेच त्याला अर्थ आहे. आणि पिण्याचे पाणी भरपूर न्यावे. जहरा सोडल्यावर सुबियापर्यंत वाटेत ते मिळत नाही.